उभ्या पिकातून

रविवार, ३ डिसेंबर २०२३. सकाळी साडेदहा वाजता मी झोपण्याच्या खोलीतील टीव्ही भिंतीवरून उतरवायला घेतला. पत्नी पलंगावर उशीला टेकून बसली होती. काय करून राहिले, असे तिने विचारले. उतरवून राहिलो, असे मी सांगितले. तो बिघडला असेल असे तिला वाटले असावे, कारण तिने पुढे काही विचारले नाही. टीव्ही बिघडलेला नव्हता.

त्या पावसाळ्यात ती मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडापाशी घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. अमरावतीतच शस्त्रक्रिया झाली. हाड जुळले. दसऱ्याच्या सुमारास डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितले की आता पायावर भार द्यायला हरकत नाही. नव्हे, तो दिलाच पाहिजे. हा हिवाळा पलंगावर गेला तर पुढे उठणे होणार नाही, हेही त्यांनी तिच्यासमोरच सांगितले. तिने मान डोलावली. घरी आल्यावर वॉकर भिंतीशी उभा केला आणि तो तिथेच राहिला. तिला पुन्हा पडण्याची भीती बसली होती. भीती हा शब्द ती वापरत नसे. ती ‘उद्या’ म्हणत असे.

मी हे लिहीत आहे ते तिच्या पायाविषयी आणि खेळातल्या काही प्रदेशांविषयी. त्या वर्षी या दोन गोष्टी आमच्या घरात वेगळ्या राहिल्या नाहीत.

आमचा मुलगा पुण्याला असतो. गणपतीत आला तेव्हा त्याने स्वतःचे गेम खेळायचे यंत्र सोबत आणले, आईच्या पलंगासमोर टीव्ही टांगून दिला आणि जाताना यंत्र ठेवून गेला. तिला त्यावर चित्रपट दिसतील आणि मला काही उद्योग मिळेल, असा त्याचा विचार होता. डाव्या अंगठ्याने चालायचे, उजव्या अंगठ्याने पाहायचे, एवढे त्याने मला शिकवले. मी सत्तरी ओलांडलेला माणूस. पहिला आठवडा मी भिंतींना धडकत काढला. तिला ते पाहून बरे वाटत होते, म्हणून मी सोडले नाही.

या प्रकाराला ‘ओपन वर्ल्ड’ म्हणतात. एक मोठा प्रदेश खुला टाकलेला असतो. त्यात कामे नेमून दिलेली असतात. पण ती केव्हा करावीत, कोणत्या वाटेने जावे, मुळात करावीत की नाही, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. बहुतेक लोक कामे करतात. आम्ही वाटा पाहिल्या.

मी बांधकाम खात्यात होतो. नोकरीचा मोठा भाग अकोला जिल्ह्यात, बार्शीटाकळीच्या बाजूला, रस्ते करण्यात गेला. रस्ता दिसला की तो का वळला हे मला पाहावेच लागते. मुलाने सर्वांत कौतुकाने दाखवलेला पहिला प्रदेश बर्फाच्या डोंगरांचा होता. किल्ले होते, धुके होते, गवताची पाती वेगवेगळी हलत होती. रस्ते मात्र केवळ शोभेसाठी वळत होते. एवढा पाऊस पडे आणि रस्त्याला नाली नव्हती. पाणी कुठे जाते, याचे उत्तर त्या देशात कोणाजवळ नव्हते. पत्नीचा आक्षेप वेगळा होता. तिचे माहेर अचलपूरजवळचे, बागायती भाजीपाल्याचे. एका घरामागच्या वाफ्यांना विहिरीवरून जाणारा पाण्याचा दांड तिने पाहिला आणि मला तिथेच उभे राहायला लावले.

“दांड चढावर चालला,” ती म्हणाली. “कोनं काढला हा? पाण्याले पाय फुटले का?”

पडल्यापासून ती प्रथमच हसली होती. तो देश आम्ही सोडला.

दुसरा प्रदेश दलदलीचा. उत्तरेकडचा कुठलासा थंड मुलूख, लाकडी घरांची गावे, एक मोठी नदी आणि दूरवर चाललेले युद्ध. तिथला रस्ता दलदल टाळून उंचवट्याने जातो. जिथे टाळता येत नाही तिथे लाकडी ओंडके आडवे टाकलेले आहेत, आणि गाडीची चाके जिथे पडतात तिथे ते झिजले आहेत. नदीच्या उताराजवळ एक ओसाड वस्ती आहे. तीच वस्ती पुढे चढावर पुन्हा वसलेली दिसते. लोकांनी आधी चुकीच्या जागी गाव वसवले, पुरात घालवले आणि वर सरकले. खेळात हे कोणी बोलून दाखवत नाही. जमीन पाहिली की कळते. असे मी नोकरीत पुष्कळदा पाहिले होते. पडद्यावर पाहीन असे वाटले नव्हते.

त्या गावात एका म्हातारीचे परसू आहे. वाफे, कांदे, कुठलीशी पालेभाजी, कोंबड्या. दांड उताराने जातो. पत्नीने तो दोनदा तपासला. मग मला म्हणाली, इथीच थांबा. आम्ही एक अख्खी सकाळ तिथे थांबलो. म्हातारीने निंदण केले, कमरेला हात लावून उभी राहिली, पुन्हा वाकली. आभाळ भरून आले तेव्हा तिने वाळत घातलेले कपडे काढले आणि दार लावून घेतले. ती आमच्याशी बोलली नाही. तिचे आमच्याकडे काही काम नव्हते.

यंत्रातले जग खरे कशाने वाटते, याचा मी त्यानंतर बराच विचार केला. मुलाच्या मते चित्राच्या बारकाईने. मला ते पटत नाही. माणसे आपल्यासाठी खोळंबलेली नसतात, हे ज्या जगात दिसते ते खरे वाटते. बहुतेक प्रदेशांत प्रत्येक चेहरा तुमच्या येण्याची वाट पाहत असतो; तुम्ही समोर गेलात की त्याला त्याची अडचण आठवते. प्रत्यक्षात बसस्टँडवर कोणी असे उभे नसते. दुसरी गोष्ट, जगाने आपल्याला अडवले पाहिजे. लावलेले दार लावलेलेच असावे. नदी पोहून जाता येऊ नये; पुलापर्यंत चालावे लागावे. चालताना मग आजूबाजूला काय आहे ते दिसते.

आम्हाला आवडलेला तिसरा प्रदेश कोरडा, घोड्यांचा. तिथे रेल्वेचे काम चालू आहे. दर वेळी परत गेले की रूळ थोडे पुढे सरकलेले असतात. भराव कच्चा, मजुरांचे तंबू नव्या जागी. नेमलेली कामे सोडून मी रूळ पाहायला जात असे. पत्नीला तिथली गाडी आवडे, कारण ती सावकाश जात होती. मूर्तिजापूरहून माहेरी जाणारी छोटी आगगाडी तिने लहानपणापासून वापरलेली. गाडीतून उतरा, बाजूबाजूने चाला अन् पुन्हा चढा, असे ती मला सांगे. मी तसे करत असे. चौथा एक प्रदेश मुलाने फार वाखाणला होता. माणसे निघून गेलेले मोठे शहर, इमारतींवर वेली. चित्र निर्दोष होते. ती दहा मिनिटांत भिंतीकडे तोंड करून झोपली. इथी वाट कोनाले पुसावं, एवढेच तिचे म्हणणे होते. तो खेळ पुन्हा लावला नाही.

दलदलीच्या मुलखात आम्ही सर्वांत जास्त राहिलो. तिथे एक काम असे आहे की एक चोर गावातून पळतो आणि त्याला ठरावीक वेळात पकडायचे. तो गव्हासारख्या एका उभ्या पिकात शिरला. मी त्याच्यामागे.

“थांबा,” ती म्हणाली.

मी थांबलो नाही.

“थांबा म्हणते न. पीक उभं हाये ते.”

“चोर पळून राहिला.”

“पळू द्या. ते वावर काही तुमच्या बापाचं नाई.”

मी मागे फिरलो, धुरा म्हणजे शेताचा बांध गाठला आणि शेताला वळसा घालून पलीकडे गेलो. चोर निघून गेला होता. खेळाने ते काम पुन्हा दिले. पुन्हा तो पिकात शिरला, पुन्हा मी धुऱ्याने. चोर आमच्या हाती कधीच लागला नाही, आणि पुढची सगळी मुख्य कथा त्या चोरावर अडून असल्यामुळे ती आमच्यापुरती तिथेच थांबली. मुलाला हे फोनवर सांगितले तेव्हा त्याचा विश्वास बसेना. ते फक्त चित्र आहे, बाबा, असे तो म्हणाला. तिने माझ्या हातून फोन घेतला.

“चित्र हाये तं त्यात पीक काहून पेरलं बावा? रिकामं ठेवाचं होतं न वावर.”

 मला प्रश्न योग्य वाटला. त्या मुलखाची एक खुबी अशी की पिकातून चालले तर ताटे, म्हणजे धाटे, मोडल्याचा आवाज येतो आणि मागे वाकलेली ताटे बराच वेळ वाकलेलीच राहतात. तुमच्या चालण्याची खूण जमिनीवर उरते. बनवणाऱ्याने ती पळणाऱ्याचा माग लागावा म्हणून ठेवली असेल. आमच्या घरी तिचा अर्थ नुकसान असाच झाला. पुढे एकदा गावाचे खळे लागले, तेव्हा धान्याच्या जागी जोडे चालत नाहीत म्हणून तिने मला खेळातल्या माणसाचे जोडे काढायला लावले. पोटलीत, म्हणजे त्याच्या सामानाच्या यादीत, जाऊन ते काढता येतात. थंडीमुळे त्याची प्रकृती ढासळू लागली, तरी खळे ओलांडेपर्यंत तो अनवाणीच चालला. तिथल्या कोणाचे लक्ष गेले नाही.

नोव्हेंबर असा गेला. तिला त्या गावाच्या गल्ल्या माझ्यापेक्षा चांगल्या माहीत झाल्या. सकाळी चहा झाला की आज कुठे जायचे हे ती ठरवी. बाजाराच्या दिवशी बाजार, एरवी नदीकाठ. ती खुशीत असे. व्यायाम करवून घ्यायला रोज एक मुलगी येत असे, मूळची मूर्तिजापूरची, कामाला चोख. तिला पत्नी म्हणे, लवकर आटप बाई, आमाले जायचं हाये. पलंगावरचे व्यायाम ती करी. उभे राहायची वेळ आली की ‘उद्या’.

शनिवारी ती मुलगी फाटकापाशी थांबली. गाडीला किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही.

“काका, रागावू नका,” ती म्हणाली. “काकूंच्या वाटचं चालणं तुमी चालून राहिले.”

 ती गेल्यावर मी बराच वेळ फाटकाशी उभा होतो. तिचे म्हणणे मला आवडले नाही आणि ते खोडूनही काढता येईना. जग जितके चांगले बनवलेले, तितका पलंग सोडण्याचे कारण कमी. ज्या गुणांसाठी मी त्या मुलखाला मानत होतो, तेच गुण तिला झोपवून ठेवत होते. बोळीतले ऊन, नदीचा आवाज, शेजारणीचे कांदे, सारे पलंगाशी येत होते. आमच्या खऱ्या गल्लीत ती चार महिन्यांत गेली नव्हती आणि त्याची तिला आठवण होत नव्हती. मलाही होत नव्हती. मी रोज तिच्याजवळ बसत होतो आणि त्याला सेवा म्हणत होतो.

म्हणून रविवारी टीव्ही उतरवला.

बाहेरच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर जागा निवडली. ड्रिल शेजाऱ्याकडून आणले. संच लहान असल्यामुळे मदतीची गरज पडली नाही. पहिल्या भोकाचा आवाज झाला तेव्हा आतून हाक आली.

“तथी काहून लावून राहिले?”

“इथेच राहील आता.”

“मले कसं दिसन?”

“इथे येऊन दिसन.”

 थोड्या वेळाने तिने मुलाला फोन लावला. नंतर मुलाचा फोन मला आला. आईची तेवढीच एक करमणूक आहे, तीही तुम्ही काढून घेता, असे तो म्हणाला. तो चिडला होता. मी त्याला डॉक्टरांचे शब्द पुन्हा सांगितले. ते त्याला माहीत होते. शेवटी तो म्हणाला, ती रडली तर काय कराल. लावलेला टीव्ही मी काढणार नाही, असे मी सांगितले.

ती रडली नाही. दुपारी जेवली, माझ्याशी बोलली नाही. मी भांडी उचलताना मात्र म्हणाली, जन्मभर रस्त्यावर गिट्टी टाकली तुमी, आता छातीतबी तेच भरलं. मी भांडी धुतली.

चारच्या सुमारास मी बाहेरच्या खोलीत खुर्ची टाकून बसलो आणि दलदलीचा मुलूख लावला. आवाज वाढवला. दोन्ही खोल्यांमधले दार उघडे होते. पलंगावरून त्या भिंतीची फक्त कड दिसते, पडदा दिसत नाही. नदी ऐकू येत होती. मी नदीकाठाने गावाकडे निघालो.

“कुठी हाये तुमी?” आतून आले.

“पुलाच्या अलीकडे.”

“त्या बुढीचे कांदे निघाले का?”

“येऊन पाह्य.”

 मी गावाच्या कडेला पोहोचलो. समोर ते वावर होते, पिवळे पडत आलेले. मी धुऱ्यावर उभा राहिलो. मग पिकात उतरलो.

ताटे मोडण्याचा आवाज त्या खोलीत मोठा वाटला. मी मधोमध गेलो, वळलो आणि दुसऱ्या ओळीने परत आलो.

“वावरात शिरले का तुमी?”

मी चालत राहिलो.

“ओ. आयकू येते का? पिकात हाये तुमी.”

मी पुन्हा वळलो. मला ते करणे आवडले, असे म्हणता येणार नाही. मागे वाकलेल्या ताटांचा पट्टा दिसत होता आणि मी तो रुंद करत होतो. आत पलंग करकरला. वॉकर भिंतीवर आपटला. मग त्याच्या पायांचा फरशीवरचा ठोका, थांबणे, पायाचे घासणे, पुन्हा ठोका. मी मागे पाहिले नाही. पाहिले असते तर उठून धरायला गेलो असतो, आणि कोणी धरले की ती सगळा भार त्याच्यावर टाकते, हे व्यायामाच्या मुलीने सांगितले होते. मध्ये एकदा आवाज थांबला तो इतका वेळ की माझा अंगठा कंट्रोलरवरून निघाला. खेळातला माणूस पिकात नुसता उभा राहिला. मग ठोका पुन्हा आला.

“निघा बाहेर,” ती म्हणाली. आवाज दारातून आला. “एवढं वय झालं अन् लोकायचं पीक तुडवून राहिले. शरम नाई वाटत?”

मी त्या माणसाला सरळ धुऱ्यावर आणला. मग मागे पाहिले.

ती दारात उभी होती. केस सुटलेले, चेहरा घामाने भिजलेला, दोन्ही हात वॉकरवर. पुढे येण्यासाठी तिने वॉकर रेटला आणि तो अडला. आतल्या दाराच्या चौकटीला खाली लाकडी पट्टी आहे, दीड-दोन बोटे उंच. रोज ओलांडत असल्यामुळे ती माझ्या हिशेबात आली नव्हती. तिने वॉकर उचलून पाहिला. तोल राहीना. तिने तो पुन्हा खाली टेकवला.

मी खुर्ची तिच्यामागे नेऊन ठेवली. ती लगेच बसली नाही. परसू दाखवा, म्हणाली. मी म्हातारीच्या घरी गेलो. कांदे निघाले होते. ओट्यावर वाळत टाकले होते. दारातून ते तिला नीट दिसेनात. तिने मान पुढे काढून पाहिले.

“मोठे हाये का?”

“मध्यम.”

“इथून काही समजत नाई,” ती म्हणाली, आणि वॉकरने पट्टीवर दोनदा ठोकले. “हे काढा.”

उंबरठा काढायचा का, असे मी विचारले. ती लहानपणापासून उंबरठ्याला हळदीकुंकू वाहत आलेली बाई. मला खात्री करून घ्यायची होती.

“आतला हाये, काढा. बाहेरचा असता तं हात नसता लावू देल्ला तुमाले.”

मग ती बसली. दम लागला होता. पाणी दिले. थोड्या वेळाने ती स्वतःच उठली आणि वॉकर फिरवून परत निघाली. मी एक हात अंतरावर मागे चाललो. धरले नाही. पलंगावर टेकल्यावर तिने पाय वर उचलून ठेवायला सांगितले; ते मी केले. दुखते का, असे विचारले. दुखते, म्हणाली. उद्याचे काही बोलणे झाले नाही.

टीव्ही बंद केला. मागच्या खोलीतून करवत आणि पटाशी काढली. पट्टी दोन्ही टोकांना चौकटीलगत कापली आणि पटाशी घालून उखडली. जुने सागवान होते, सहज निघाले नाही. खाली फरशीत लांबट खाच पडली. ती झाडून, पाणी मारून सिमेंटने भरली आणि थापीने दोन्ही बाजूंच्या फरशीला सम केली. वॉकरचा पाय कुठे अडेल का, हे पाहायला तळहात सगळीकडून फिरवला. सिमेंट ओले होते. त्यावर फळी आडवी टाकली आणि दोन टोकांना दोन विटा ठेवल्या.